जयसिंगपूरला जायचं राहिलं

काल दुपारी सांगली फाट्याजवळ या वर्षीची उसाची पहिली ट्रॉली दिसली आणि माझं डोकं सटकलं. ट्रॅक्टरवाल्याचा काही दोष नव्हता. तो बिचारा मागे दोन ट्रॉल्या जोडून, कानठळ्या बसवणारं गाणं लावून, आपल्या नादात कारखान्याकडे निघाला होता. मागून उसाची कांडी रस्त्यावर पडत होती आणि दुचाकीवाले ती चुकवत शिव्या घालत होते. सगळं नेहमीचं. कोल्हापूरच्या माणसाला हंगाम सुरू झाला की बरं वाटतं. हवेत मळीचा आंबूस वास येतो, गुऱ्हाळावरची काकवी घरात येते, सकाळी अंगावर शाल लागते. मलाही बरं वाटायचं, गेल्या वर्षापर्यंत. आता ट्रॉली दिसली की राग येतो आणि हा राग कुणावर काढायचा तेच कळत नाही.

खोटं कशाला बोलू, चांगलं कळतं. दादावर आणि माझ्यावर.

गेल्या हंगामात आम्ही दोघा भावंडांनी आईच्या पंच्याहत्तराव्या वाढदिवसाची भेट निवडण्यात दोन महिने घालवले. दुकानं पालथी घातली, मोबाइलवर रात्रंदिवस बोटं फिरवली, एकमेकांशी भांडलो. आणि तिनं जे तोंडानं मागितलं होतं ते सोडून बाकी सगळं शोधलं. तिनं मागितलं होतं एवढंच, की मला जयसिंगपूरला घेऊन चला. आमच्या घरापासून जयसिंगपूर म्हणजे गाडीनं तासाभराचा रस्ता.

आईला घराण्याचा इतिहास शोधायचा नाद आहे. दादा त्याला आईचं उत्खनन म्हणतो. बाबा गेल्यानंतर तिनं एक जाड वही घेतली आणि एसटीनं गावोगाव फिरायला लागली. जुन्या शाळांचे दाखले, देवळातल्या पायरीवरची नावं, कुठल्या तरी भावकीतल्या नव्वदीच्या म्हाताऱ्या, काही सोडलं नाही. पिशवीत वही, पाण्याची बाटली आणि म्हाताऱ्यांसाठी मऊ पेढे. दात नसलेल्या माणसाकडे जाताना चिवडा नेऊ नये हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. काय द्यावं हे कळण्यासाठी समोरच्याकडे बघावं लागतं, तेवढं ती बघायची. हे मला आता सुचतंय, त्याचा उपयोग शून्य.

हा नाद तिला लागला तो एका हेळव्यामुळे. आमच्या भागात सुगी आटोपली की हेळवी येतात. घराण्यांच्या वंशावळी पिढ्यान्‌पिढ्या राखणारे हे लोक. पूर्वी बैलावर बसून यायचे, आता मोटारसायकलवरून येतात, पण वही बरोबर असतेच. हेळवी सोप्यात घोंगड्यावर बसून खापरपणजोबापासून नावं वाचायला लागला की घरातली बाप्ये मंडळी छाती फुगवून ऐकतात आणि मग त्याला धान्य, धडुतं, एखादं भांडं देतात. आई सातआठ वर्षांची असेल. तिच्या माहेरी असाच हेळवी आला होता आणि ती दाराआडून पुढे होऊन म्हणाली, "माझ्या आयचं नाव वाचा की."

त्यानं पान शोधलं आणि वाचलं, पार्वती. पुढे वाचलं, दुसरी पार्वती.

इथे थोडं सांगायला हवं. आई अकरा महिन्यांची असताना तिची आई वारली. वर्षाच्या आत आजोबांनी दुसरं लग्न केलं. आमच्याकडे लग्नात नवऱ्या मुलीचं नाव बदलायचं, ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव त्यात लिहायचं. माहेरी मी सुरेखा, सासरी मृणाल झाले, कारण माझ्या सासऱ्यांना ते नाव कुठल्याशा मालिकेत आवडलं होतं. तर पहिलीचं नाव पार्वती ठेवलेलं. दुसरी आली तेव्हा तिचंही पार्वतीच ठेवलं. घराच्या तोंडात ते बसलेलं होतं, पुन्हा नवं कोण पाठ करणार! झालं, दोन बायका एका नावात बसवल्या. गेलेलीला सगळे नुसतं थोरली म्हणायला लागले. रिवाजाप्रमाणे दुसरीनं गळ्यात मेलेल्या सवतीची म्हणून चांदीची पुतळी घातली, रोज तिला कुंकू लावलं. म्हणजे थोरलीला गळ्यात जागा मिळाली, कुंकू मिळालं, सणासुदीला नैवेद्यही मिळाला. तिच्या आईबापानं बारशाला ठेवलेलं नाव मात्र कुणीही विचारलं नाही.

हेळवी भला माणूस होता. आईला म्हणाला, "बाळ, मला घरच्यांनी सांगितलं तेवढंच म्या लिवलंय." खरंच होतं ते. त्याला सांगायचं कुणाला सुचलं नाही, एवढीच गोष्ट. आणि हेच मला सहन होत नाही. दुष्टपणानं केलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

आईच्या वहीला दोन तोंडं आहेत. पुढून उघडली की आमच्या घराण्यातले पुरुष, बापानंतर मुलगा, मुलानंतर त्याचा मुलगा. वही उलटी करून मागून उघडली की बायका. घरात आलेली प्रत्येक बाई, तिचं सासरचं नाव, माहेरचं नाव, गाव. पानंच्या पानं आहेत. मध्यंतरी जातीच्या दाखल्यांसाठी जुन्या नोंदी काढायची झुंबड उडाली, तेव्हा भावकीतले लोक गाड्या घेऊन आईकडे यायचे, पुढच्या पानांच्या झेरॉक्स काढून न्यायचे. "काकी, लई मोठं काम केलंसा," म्हणायचे. वही उलटी करून बघावी असं त्यातल्या एकालाही वाटलं नाही. मागच्या बाजूच्या पहिल्या पानावर पहिली ओळ मात्र आईच्या माहेरची होती, थोरलीची. सासरचं नाव पार्वती. माहेरचं नाव, आणि पुढे मोकळी जागा.

ती मोकळी जागा भरण्यासाठी हा सगळा खटाटोप होता. आम्हाला वाटायचं म्हातारपणी वेळ जायला काहीतरी हवं.

त्या वर्षी गणपतीत तिला धागा सापडला. थोरलीचं माहेर कृष्णेपलीकडचं, कर्नाटकाच्या शिवेवरचं. घर कधीच पडलेलं, माणसं पांगलेली. पण तिथल्या एका वाण्यानं सांगितलं, की त्या घरातली एक लेक अजून आहे. थोरलीची चुलतबहीण, गंगूआक्का. थोरलीच्या लग्नात ही दहा वर्षांची करवली होती. आता जयसिंगपुरात मुलाकडे असते. आईनं तिथला फोन मिळवला आणि दिवाळीच्या फराळाच्या गडबडीत, हाताला बेसन लागलेलं असताना, लावला. गंगूआक्काला ऐकू येत नव्हतं, म्हणून तिची सून मध्ये बोलत होती. आईनं मोबाइल स्पीकरवर टाकला होता, त्यामुळे मीही ऐकलं.

"नाव त्यास्नी म्हाईत हाय ओ," सून म्हणाली, "पर आत्ती म्हणत्यात, मेल्या माणसाचं नाव असं फोनवर सांगत न्हाईत. येऊ दे म्हणत्यात तिला. लेकीची ओटी भरीन आन मग सांगीन."

आई हसली. इतकी हसली की डोळ्याला पदर लावला. म्हणाली, "त्यास्नी सांगा, येते म्हणावं. ह्याच महिन्यात येते."

दसऱ्यापासून तिचा गुडघा धरला होता. एसटीची पायरी चढवत नव्हती, स्टेशनचा जिना तर सोडाच. म्हणून तिनं आयुष्यात पहिल्यांदा आमच्याकडे काही मागितलं. दादाची गाडी रोज कागलच्या एमआयडीसीत जाते, तिथल्या एका फौंड्रीत तो मॅनेजर आहे. आई त्याच्याचकडे असते. त्याला म्हणाली, "एक रविवार मला जयसिंगपूरला सोड." तो म्हणाला, "जाऊ की. हे डिस्पॅच संपू दे." मला म्हणाली, तर मी म्हटलं, दुकानात माणूस नाही. आमचं राजारामपुरीत औषधांचं दुकान आहे. ते एका दुपारपुरतं बंद ठेवलं असतं तर कोल्हापूरकर औषधावाचून मेले असते असं मला वाटत असावं. पुढे वाढदिवसाच्या साड्या घ्यायला मी तेच दुकान सलग दोन दिवस बंद ठेवलं. लाज वाटते लिहायला, पण लिहिते.

आणि मग दादानं मोबाइलवर ग्रुप काढला. आईचा पंच्याहत्तरावा. त्यात आईला घेतलं नव्हतं, कारण सरप्राइज.

त्या ग्रुपवर काय काय आलं! दादानं कुठेतरी वाचलं होतं, घराण्याचा इतिहास शोधणाऱ्यांना काय भेट द्यावी. यादीच होती. दिवा असलेलं भिंग. चामडी बांधणीची डायरी. जुने फोटो साफ करणारं यंत्र. परदेशी वेबसाइटचं वर्षभराचं सदस्यत्व. एका काचेच्या नळीत थुंकून ती पाठवली की तुमचे पूर्वज कुठून आले ते सांगणारी पेटी. आमच्या आईनं थुंकायचं आणि कुठल्या तरी प्रयोगशाळेनं तिला सांगायचं, की बाई, तू इथलीच. वहिनीनं पैठणी सुचवली. माझ्या मुलीनं, ती पुण्याला शिकते, फोटोंचं पुस्तक सुचवलं. मी प्रत्येक सूचनेखाली अंगठ्याचं चित्र टाकत होते. भिंग की डायरी यावरून दादाशी माझं चार दिवस वाजलं होतं. ज्या माणसाला एका माणसाकडे जायचं आहे त्याला भिंग देऊन काय होणार, हा प्रश्न दोन महिन्यांत एकदाही कुणाच्या डोक्यात आला नाही. तोंडानं मागितलेली गोष्ट आम्हाला भेट वाटतच नव्हती. ते काम वाटत होतं. भेट म्हणजे कशी, खोक्यात बसली पाहिजे, वर चमचमता कागद पाहिजे, उघडताना व्हिडिओ काढता आला पाहिजे.

शेवटी ठरलं ते सागवानी लाकडावर कोरलेलं झाड. वंशवृक्ष. त्यावर पितळेची पानं, प्रत्येक पानावर नाव. नावं कुठून आणायची? आईच्या वहीतून. आणि ती वही चोरून आणायचं काम माझ्याकडे आलं.

आई दुपारी पडली होती. पायावर गोधडी, गुडघ्याला गरम पिशवी. मी कपाटातून वही काढली आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवून पुढच्या पानांचे फोटो काढले. शेवटचं पान झाल्यावर वही हातातून निसटली आणि मागच्या बाजूनं उघडी पडली. थोरलीची ओळ समोर आली. त्या मोकळ्या जागेत आईनं पेन्सिलीनं बारीक लिहिलं होतं, 'गंगूआक्का, जयसिंगपूर. कार्तिकात जायचं.' कार्तिक संपला होता. पेन्सिलीनं तो खोडून तिनं मार्गशीर्ष केला होता. मी वाचलं, मला समजलं, आणि मी वही मिटून जागेवर ठेवली. वाढदिवस होऊ दे, मग बघू, असं मनाशी म्हटलं. हे मला विसरता येत नाही. मला माहीत नव्हतं असं मी म्हणूच शकत नाही.

संक्रांतीनंतर चार दिवसांनी वाढदिवस झाला. हॉल घेतला होता, पाहुणे जमले, औक्षण झालं, पंच्याहत्तर दिव्यांनी ओवाळलं. मग दोघांनी धरून ते झाड आत आणलं आणि दादानं त्यावरचं कापड ओढलं. टाळ्या पडल्या. आईनं चष्मा पुसला, जवळ जाऊन एकेक पान वाचलं. सगळी नावं बरोबर होती. असणारच, तिनंच तर शोधली होती. सगळी पुरुषांची. मूळपुरुषापासून माझ्या भाच्यापर्यंत.

"आन ह्यास्नी जन्माला कुणी घातलं?" आई म्हणाली.

सगळा हॉल हसला. मामी तर खुर्चीवरून पडायच्या बेतात आली. दादाही हसला आणि माइकवर म्हणाला, "आमची आई म्हणजे एक नंबर!" आई हसली नाही. पितळेच्या पानावर बोट फिरवून म्हणाली, "छान हाय. चिंच लावून घासायला लागंल." आणि जेवायला बसताना दादाचा हात धरून विचारलं, "जयसिंगपूरला कवा जायाचं?"

"आई, आता हंगाम सुरू हाय," दादा म्हणाला. "रस्त्यावर ट्रॉल्याच ट्रॉल्या हायत. दोन-दोन तास अडकून पडाय लागतंय. जरा हंगाम उतरू दे, मग निवांत जाऊ."

मी शेजारीच बसले होते. मी म्हटलं, "व्हय आई, तुझा गुडघा बी बरा होऊ दे." काय शहाणी मुलगी!

काल ट्रॉली बघून घरी आले तर दादाचा मेसेज आला होता. 'या वर्षी आईसाठी काय करायचं?' मी मोबाइल पालथा ठेवला आणि भांडी आपटत घासली. माझा नवरा म्हणाला, झालं ते झालं, किती दिवस धरून बसणार. हे वाक्य ज्यानं काही हरवलेलं नसतं त्याला फार सोपं जातं. मी त्याला तसं सांगितलं. 

वाढदिवसानंतर थोड्याच दिवसांत, रथसप्तमीच्या आदल्या दिवशी सकाळी जयसिंगपूरहून सुनेचा फोन आला. गंगूआक्का पहाटे गेली. चहा मागितला, दोन घोट घेतले आणि मान टाकली. आईनं फोन ठेवला आणि दादाला एवढंच म्हणाली, "आज तरी नेतोस का?"

त्या दिवशी मात्र नेलं. डिस्पॅच होतं, दुकान होतं, गुडघा होता. रस्त्यावर ट्रॉल्याही होत्या. चार. आम्ही त्या ओलांडून गेलो. तासाभरात पोचलो. हातकणंगल्याजवळ दादा म्हणाला, "आज रस्ता मोकळा मिळाला."  मी आरशात दादाकडे बघितलं, तेव्हा त्यानं नजर वळवली.

आम्ही पोचलो तोवर गंगूआक्काला नेलं होतं. दारात पाणी टाकलेलं, बायका भिंतीला टेकून बसलेल्या. सून आईपेक्षा दहाएक वर्षांनी लहान, रडून आवाज बसलेला. तिनं आईला बघितलं आणि न विचारता ओळखलं.

"लई वाट बघितली ओ आत्तींनी," ती म्हणाली. "दिवाळीपास्नं रोज सकाळी धुतल्यालं लुगडं नेसून दाराशी बसायच्या. गाडी थांबली की मला म्हणायच्या, बघ जा, माझ्या आक्काची पोर आली काय."

मग ती आत गेली आणि एक पितळी ताट घेऊन आली. त्यावर हिरवा खण, तांदळाची पुरचुंडी, हळकुंडं, सुपारी आणि एक वाळून गडगडा झालेला नारळ. ओटीचं सामान. दिवाळीतच आणवून ठेवलेलं. खण दोनदा बदलून घेतला होता म्हणे, पहिला काठ आवडला नाही म्हणून.

"म्या म्हणलं आत्ती, त्येंचं मालक वारल्यात, ओटी कशी भरायची? तर माझ्यावरच खवळल्या. म्हणल्या, मी बी रांडमुंड, ती बी रांडमुंड, बघू कोण आडवं येतंय. माहेरची लेक हाय ती."

आईनं खणावर हात ठेवला. विचारलं, "तुमास्नी कवा सांगितलं न्हाई का? नाव?"

"लई इचारलं ओ. सांगितलंच न्हाई. म्हणायच्या, आदी तिच्या लेकीच्या कानात पडू दे, मग तू ऐक."

"दुसरं कोण असंल, ठावं असणारं?"

सुनेनं मान हलवली. "त्यांच्या वारगीचं, त्यांच्या वयाचं, आता कोणच न्हाई ऱ्हायलं."

आमच्या ग्रुपवर दोन महिने चर्चा चालली होती. त्या बहिऱ्या म्हातारीनं आईला कधी बघितलंसुद्धा नव्हतं, पण आईला काय द्यायचं हे तिला पक्कं माहीत होतं, कसं द्यायचं हेही, आणि त्यासाठी ती रोज तयार होऊन बसत होती. तिच्याकडून काही राहिलं नाही. आमच्याकडून गाडी सुरू करायची राहिली.

आई रडली नाही. मला वाटत होतं तिनं रडावं, आम्हाला शिव्या घालाव्यात, काहीतरी फेकून मारावं. तिनं ताट मांडीवर धरलं आणि तशीच घरी आली. दुसऱ्या दिवशी दादा तिच्यासमोर बसून चाचरत म्हणाला, "आई, ती थुंकीची पेटी मागवू का? त्यात कायतरी कळंल."

"नळीतनं नाव येतंय व्हय?" आई म्हणाली. दादा उठून गॅलरीत गेला.

चारपाच दिवसांनी तिनं मला बोलावून घेतलं. दुपारची वेळ होती, दादाही घरी होता. तिनं वही काढली, उलटी केली, मागचं पहिलं पान उघडलं आणि माझ्यासमोर सरकवली. पेन्सिलीचं सगळं तिनं आधीच खोडून ठेवलं होतं.

"माझा हात कापतोय," ती म्हणाली. "तू लिही. पेनानं लिही."

मी पेन घेतलं. तिनं सावकाश सांगितलं, शाळेत शुद्धलेखन सांगतात तसं, नीट पुस्तकी मराठीत. मी लिहीत गेले. 'थोरलीचे माहेरचे नाव माहीत असलेली बाई जयसिंगपुरात होती. तिने तीन महिने वाट पाहिली. आम्ही गेलो नाही.'

"आई," दादा म्हणाला, "हे कशाला लिहायचं? उद्या पोरं वाचतील."

"वाचू देत की. त्यासाठीच लिवाय लागलोय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तारीख घाल. आन खाली नावं लिही. आदी त्याचं, मग तुझं."

मी दादाचं नाव लिहिलं, पुरतं, बाबांच्या नावासकट. मग थांबले. त्या वहीत, पुढून किंवा मागून, माझं नाव अजून कुठेच आलं नव्हतं. पुढची बाजू पुरुषांची आणि मागची घरात आलेल्या बायकांची, त्यामुळे घरातून गेलेल्या लेकीला कुठे घालायचं हे आईनंही अजून ठरवलं नव्हतं.

"कुठलं लिहू?" मी विचारलं. "माहेरचं की सासरचं?"

"दोन्ही लिही," आई म्हणाली. "चुकून दुसऱ्या कुणावर जायला नको."